हा पत्ता कुणाचा? एक्सव्ही६ कर्नलमधली पेज टेबलं हाताने उलगडताना

एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती एकाच वेळी चालवा आणि दोघींना एका ग्लोबल व्हेरिएबलचा पत्ता छापायला सांगा. एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमवर दोन्ही प्रती नेमका तोच आकडा छापतील. पण पहिलीने त्या जागी ५ लिहिले आणि दुसरीने ९, तरी दोघींना वाचताना आपापलाच आकडा परत मिळतो. पत्ता एक, जागा दोन. गट नंबर ४५ असं नुसतं म्हटलं तर कुठल्या गावाचा हे विचारावंच लागतं. मेमरीच्या पत्त्याचंही तसंच आहे. प्रोग्राम वापरतो तो पत्ता व्हर्च्युअल, रॅममधली खरी जागा सांगणारा पत्ता फिजिकल, आणि पहिल्याचं दुसऱ्यात भाषांतर करणारा तक्ता म्हणजे पेज टेबल. दोन्ही प्रतींची टेबलं वेगळी असतात. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, कोड वाचताना नवख्या माणसाचा गोंधळ उडतो तो बहुतेक वेळा गणितामुळे नाही, तर हातातला पत्ता कुणाच्या टेबलातला आहे हे न विचारल्यामुळे. या लेखात तो प्रश्न आपण प्रत्येक पायरीवर विचारणार आहोत.

उदाहरणासाठी मी एक्सव्ही६ घेतलंय. एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. १९७५च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ती २००६मध्ये सुरू झाली आणि २०१९पासून रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते. लिनक्सपासून सुरुवात करू नका असं मी आग्रहाने सांगेन. तिथे प्रत्येक गोष्टीवर अनेक आर्किटेक्चरचे थर चढलेले आहेत. एक्सव्ही६मध्ये पेज टेबलांचं जवळजवळ सगळं काम ‘व्हीएम डॉट सी’ या काहीशे ओळींच्या फाइलमध्ये आहे. एका दुपारी वाचून होते, समजायला आठवडा लागतो, आणि तो आठवडा सत्कारणी लागतो.

लागणारं साहित्य: लिनक्स असलेला कुठलाही साधा लॅपटॉप, क्यूईएमयू (नकली मशीन चालवणारा प्रोग्राम), रिस्क-फाइव्हसाठीचा जीसीसी कंपायलर आणि एक्सव्ही६चा कोड. ‘मेक क्यूईएमयू’ चालवलं की शेल दिसतो. बाहेर पडायला कंट्रोल आणि ए एकत्र दाबा, सोडा, मग एक्स. शिवाय एक वही घ्या. पहिल्या दोन पायऱ्या वहीतच आहेत.

पायरी १: एक पत्ता फोडा

रिस्क-फाइव्हच्या ज्या पद्धतीने एक्सव्ही६ चालतं तिचं नाव एसव्ही३९. पत्ता ६४ बिटांचा असला तरी त्यातले खालचे ३९ बिटच भाषांतरासाठी वापरले जातात. मेमरी पेज नावाच्या सारख्या तुकड्यांत वाटलेली असते. शेवटचे १२ बिट म्हणजे पेजच्या आतलं अंतर, ज्याला ऑफसेट म्हणतात. कारण पेज ४०९६ बाइटचं आणि २ चा १२वा घात ४०९६. उरलेले २७ बिट ९-९-९ असे तीन भागांत मोडतात. प्रत्येक भाग म्हणजे एकेका टेबलातला अनुक्रमांक, ० ते ५११.

हेक्समधला (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीतला) पत्ता ४०३२३४ घेऊ. (अक्षरं मध्ये येऊ नयेत म्हणून या लेखात असेच आकडे निवडलेत ज्यांत फक्त अंक आहेत.) हेक्सचा एक अंक म्हणजे ४ बिट. म्हणून शेवटचे तीन अंक, २३४, हा ऑफसेट. उरले ४०३. हा पेजचा क्रमांक. दशमानात तो ४ गुणिले २५६ अधिक ३, म्हणजे १०२७. आता ५१२ने भागा: भागाकार २, बाकी ३. बाकी हा सर्वांत खालच्या टेबलातला क्रमांक, म्हणजे पातळी ०वर ३. भागाकार २ला पुन्हा ५१२ने भागा: बाकी २, भागाकार ०. म्हणजे पातळी १वर २, पातळी २वर ०.

झालं. प्रोसेसर हेच करतो, फक्त भागाकाराऐवजी बिट सरकवून.

आता स्वतः करा: हेक्स ८०००२३४५. उत्तर खाली देतोय, पण आधी वहीत काढा. ऑफसेट ३४५, पेज क्रमांक दशमानात ५,२४,२९०, पातळी ०वर २, पातळी १वर ०, पातळी २वर २. चुकलं असेल तर आणखी दोन-चार पत्ते फोडा. हे हाताला बसेपर्यंत पुढे जाऊ नका. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

पायरी २: एक नोंद वाचा

पेज टेबल हा शब्द भारदस्त वाटतो, पण वस्तू साधी आहे: ४०९६ बाइटचं एक पेज, ज्यात ८-८ बाइटच्या ५१२ नोंदी ओळीने मांडलेल्या. एका नोंदीचे खालचे १० बिट म्हणजे खुणा आणि त्यांच्या वरचे ४४ बिट म्हणजे फिजिकल पेजचा क्रमांक.

खुणा अशा. बिट ०: नोंद वैध आहे का (व्ही). बिट १: वाचता येतं (आर). बिट २: लिहिता येतं (डब्ल्यू). बिट ३: सूचना म्हणून चालवता येतं (एक्स). बिट ४: युजर मोडला, म्हणजे साध्या प्रोग्रामला, परवानगी (यू). पुढे ग्लोबल, मग ‘वापरलं गेलं’ आणि ‘त्यावर लिहिलं गेलं’ या दोन खुणा. शेवटचे दोन बिट कर्नल लिहिणाऱ्यासाठी मोकळे सोडलेत. त्या दोन मोकळ्या बिटांची शेवटी गरज पडणार आहे.

समजा ४०३२३४साठी पातळी ०ची नोंद हेक्समध्ये २१०८४०१७ अशी मिळाली. शेवटचे १७ म्हणजे बिटांत १०१११: व्ही, आर, डब्ल्यू, यू चालू आणि एक्स बंद. हे डेटाचं पेज आहे, त्यावर कोड चालणार नाही. पेजचा क्रमांक काढायला नोंद १० बिट उजवीकडे सरकवा: मिळेल ८४२१०. त्याचा पत्ता करायला १२ बिट डावीकडे, म्हणजे तीन शून्यं: ८४२१००००. त्यात ऑफसेट मिळवा: ८४२१०२३४. हाच फिजिकल पत्ता.

उजवीकडे १०, डावीकडे १२. हे दोन आकडे वेगळे आहेत, आणि दोन्हीकडे १२ धरणं ही मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. एक्सव्ही६मध्ये यासाठी ‘पीटीई टू पीए’ आणि ‘पीए टू पीटीई’ असे दोन मॅक्रो तयार आहेत. स्वतः बिट सरकवण्यापेक्षा तेच वापरा.

पायरी ३: तीन पातळ्या कशासाठी

सपाट एकच टेबल ठेवलं असतं तर? २ चा २७वा घात म्हणजे १३,४२,१७,७२८ नोंदी, प्रत्येकी ८ बाइट. एकूण १ जीबी, तेही एका प्रोसेससाठी, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रामसाठी. आणि एक्सव्ही६च्या त्या नकली मशीनची मेमरी आहे सगळी मिळून १२८ एमबी.

तीन पातळ्यांत जी टेबलं लागतच नाहीत ती बनवायचीच नाहीत. छोट्या प्रोग्रामचा हिशेब करा. वरचं मूळ टेबल १. प्रोग्राम ०पासून वर थोडी जागा वापरतो, त्यासाठी पातळी १चं १ आणि पातळी ०चं १. अगदी वरच्या टोकाला कर्नलने ठेवलेली दोन पेजेस असतात (त्यांच्याकडे येतोच), त्यांच्यासाठी आणखी १ आणि १. एकूण ५ पेजेस, २० केबी. १ जीबीच्या जागी २० केबी!

एक खूण लक्षात ठेवा: मधल्या पातळीच्या नोंदीत फक्त व्ही चालू असतो, आर, डब्ल्यू, एक्स तिन्ही बंद. त्यांतलं काही चालू दिसलं तर ती नोंद शेवटची, तिच्या खाली टेबल नाही.

पायरी ४: ‘वॉक’ वाचा

आता फाइल उघडा आणि ‘वॉक’ हे फंक्शन शोधा. ते टेबल आणि व्हर्च्युअल पत्ता घेतं आणि पातळी ०च्या नोंदीकडे बोट दाखवणारा पॉइंटर परत देतं. आत एक लूप आहे, पातळी २ पासून १ पर्यंत. नोंद वैध असेल तर तिच्यातला फिजिकल पत्ता काढून पुढचं टेबल म्हणून धरायचा. वैध नसेल आणि बोलावणाऱ्याने परवानगी दिली असेल, तर ‘केअलॉक’कडून नवं पेज घ्यायचं, शून्याने भरायचं आणि त्याची नोंद करायची.

इथे थांबा. एका ओळीत नोंदीतून निघालेला फिजिकल पत्ता सरळ सी भाषेतला पॉइंटर म्हणून वापरलाय. पण पॉइंटरने मेमरी गाठायची म्हणजे प्रोसेसर तो आकडा व्हर्च्युअल समजून त्याचं भाषांतर करणार. मग हा पत्ता कुणाचा? दोघांचा. कारण एक्सव्ही६चं कर्नल सगळी रॅम जशीच्या तशी मांडतं: व्हर्च्युअल ८४२१०००० म्हणजे फिजिकलही ८४२१००००. ही सोय आहे म्हणूनच ती ओळ चालते. लिनक्समध्ये रॅम एका ठरावीक अंतराने वर सरकवून मांडलेली असते, त्यामुळे तिथे फिजिकल पत्त्यात ते अंतर मिळवूनच पॉइंटर बनवावा लागतो. एक्सव्ही६वर शिकून लिनक्सकडे जाणारे नेमके इथेच ठेचकाळतात.

दुसरी गोष्ट: प्रोग्राम चालत असताना हाच प्रवास हार्डवेअर स्वतः करतं, आणि तेव्हा टेबलांचे पत्ते फिजिकलच असतात, भाषांतराशिवाय. ‘वॉक’ ही त्याच कामाची सॉफ्टवेअरमधली नक्कल आहे. टेबल बांधतं कर्नल, वाचतं हार्डवेअर.

पायरी ५: कर्नलचा नकाशा काढा

वहीचं एक पान उभं धरा आणि खालून वर काढत जा. खाली उपकरणं: हेक्स १०००००००वर यूएआरटी, म्हणजे कन्सोलची अक्षरं जिथून जातात-येतात, १०००१०००वर डिस्क. या पत्त्यांवर रॅम नाहीच. तिथे लिहिलं की ते थेट उपकरणाला पोचतं. मग ८०००००००पासून रॅम, ८८००००००पर्यंत, १२८ एमबी. तिच्या तळाशी कर्नलचा कोड (वाचा आणि चालवा, लिहू नका), त्याच्यावर डेटा आणि उरलेली मोकळी रॅम (वाचा आणि लिहा, चालवू नका).

हे सगळं जसंच्या तसं. फक्त वरच्या टोकाला दोन अपवाद. एक, कर्नलचे स्टॅक (फंक्शनं चालताना लागणारी तात्पुरती जागा): प्रत्येक प्रोसेसला एक पेज आणि त्याच्या खाली एक रिकामी ‘पहारेकरी’ जागा, जिची नोंद अवैध ठेवलेली असते. स्टॅक उतू गेला की शेजाऱ्याचा डेटा चुपचाप बिघडण्याऐवजी लगेच फॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर अडतो आणि कर्नलला कळवतो. दोन, ट्रॅम्पोलिन.

ट्रॅम्पोलिनवर थोडं रेंगाळू या, कारण माझ्या मते या सगळ्या मांडणीतली सगळ्यांत सुंदर जागा ती आहे. एक्सव्ही६मध्ये कर्नलचं टेबल वेगळं आणि प्रत्येक प्रोसेसचं वेगळं. सिस्टीम कॉल झाला, म्हणजे प्रोसेसने कर्नलकडे काम मागितलं, की प्रोसेसर सुपरव्हायजर मोडमध्ये (कर्नलच्या अधिकारात) येतो, पण टेबल प्रोसेसचंच राहतं. ते बदलायचं काम एका सूचनेचं आहे, ‘एसएटीपी’ या रजिस्टरमध्ये नवा आकडा लिहिणं. पण ती सूचना पार पडताच पायाखालचा नकाशाच बदलतो. पुढची सूचना ज्या पत्त्यावरून आणायची, तो पत्ता नव्या टेबलात दुसरीकडेच नेत असेल तर? म्हणून तो छोटा कोड असलेलं पेज दोन्ही टेबलांत एकाच पत्त्यावर मांडलंय: सर्वांत वरचं पेज, २ चा ३८वा घात वजा ४०९६. फोडून पाहा: पातळी २वर २५५, मग ५११, मग ५११. पत्ता दोघांच्या नकाशात सारखाच, म्हणून टेबल बदललं तरी पाय घसरत नाही. त्यावर यू खूण नाही, त्यामुळे प्रोसेसला तिथे स्वतःहून उडी मारता येत नाही.

आणि ३९ऐवजी ३८वा घात का? एसव्ही३९मध्ये बिट ३८ चालू असेल तर वरचे सगळे २५ बिटही चालूच असावे लागतात. ती कटकट टाळायला एक्सव्ही६ने वरची अर्धी जागा सोडूनच दिलीय.

पायरी ६: प्रोसेसचा नकाशा

हा सोपा आहे. ०पासून कोड, मग डेटा, मग एक पहारेकरी पेज, मग स्टॅक, मग वर वाढत जाणारा हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी). वरच्या टोकाला ट्रॅम्पोलिन आणि त्याच्या खाली ट्रॅपफ्रेम, ज्यात प्रोसेसची रजिस्टरं जपून ठेवतात. इथल्या पहारेकरी पेजची नोंद अवैध नसते. ती वैध असते, फक्त यू खूण काढलेली. परिणाम प्रोसेसपुरता तोच.

कोड ०पासून सुरू होतो याचा एक परिणाम माहीत असू द्या: एक्सव्ही६मध्ये नल पॉइंटर (पत्ता ०) वाचला तर फॉल्ट येत नाही. तिथे प्रोग्रामचा कोड आहे, तोच आकडा म्हणून हातात येतो. लिनक्सची सवय असलेल्यांनी हे विसरू नये.

पायरी ७: टेबल छापा

वही आणि मशीन जुळतात का ते पाहायची वेळ आली. दोन वाटा आहेत. झटपट वाट: एक्सव्ही६ चालू असताना कंट्रोल-ए दाबून सोडा आणि मग सी दाबा, क्यूईएमयूचा मॉनिटर उघडेल, तिथे ‘इन्फो मेम’ लिहा. त्या क्षणी चालू असलेलं टेबल पत्ता, फिजिकल पत्ता, आकार आणि खुणा यांसह दिसेल.

पण दुसरी वाट धराच: छापणारं फंक्शन स्वतः लिहा. टेबल घ्या, ५१२ नोंदींवर फिरा, वैध असेल ती पातळीप्रमाणे आत सरकवून छापा, आणि आर-डब्ल्यू-एक्स तिन्ही बंद असतील तर खालच्या टेबलासाठी स्वतःलाच पुन्हा बोलवा. पंधरा-वीस ओळींचं काम. ते ‘एक्झेक’च्या (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणाऱ्या फंक्शनच्या) शेवटी पहिल्या प्रोसेससाठी बोलवा आणि आलेली प्रत्येक ओळ वहीतल्या नकाशावर कुठे बसते ते लिहा. २५५, ५११, ५११ ही रांग समोर दिसली की ट्रॅम्पोलिन ही ऐकीव गोष्ट उरत नाही.

खुणांमध्ये अपेक्षेपेक्षा दोन बिट जास्त दिसले तर घाबरू नका. ‘वापरलं गेलं’ आणि ‘लिहिलं गेलं’ या खुणा क्यूईएमयू स्वतः लावतं. रिस्क-फाइव्हच्या नियमांत मात्र दोन्ही मुभा आहेत: हार्डवेअरने त्या लावाव्यात किंवा फॉल्ट देऊन कर्नलला लावायला सांगावं. त्यामुळे क्यूईएमयूवर नीट चाललेलं कर्नल खऱ्या बोर्डवर पहिल्याच सूचनेला अडू शकतं. आयआयटी मद्रासच्या शक्तीसारख्या खऱ्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर कुणी प्रयोग करणार असेल, तर हे आधी तपासून घ्या.

पायरी ८: मुद्दाम मोडा

एक छोटा युजर प्रोग्राम लिहा जो हेक्स ८०००००००वरून वाचतो. पॉइंटरला ‘व्होलाटाइल’ लावा, नाहीतर कंपायलर ते वाचणंच गाळून टाकेल. चालवल्यावर कर्नल दोन ओळी छापून प्रोसेस मारेल. त्यांत तीन गोष्टी पाहायच्या. ‘एसकॉज’ म्हणजे कारण: १२ सूचना आणताना, १३ वाचताना, १५ लिहिताना (छापताना हेक्समध्ये असल्याने ते सी, डी, एफ असे दिसतात). ‘एसईपीसी’ म्हणजे कुठली सूचना चालू होती. ‘एसटीव्हल’ म्हणजे कुठला पत्ता गाठायचा प्रयत्न होता. इथे कारण १३ आणि पत्ता ८००००००० दिसायला हवा. कर्नलची रॅम तिथेच आहे, पण या प्रोसेसच्या नकाशात ती नाही. दुसऱ्या प्रयोगात पत्ता ८वर लिहा. ताज्या आवृत्तीत कोडच्या पेजेसवर डब्ल्यू नसतो, म्हणून कारण १५ येईल.

आणखी एक निदान, जे मला फार कामाला आलंय. एक्सव्ही६ पेज मोकळं करताना ते १ने भरतं आणि देताना ५ने. एखाद्या पॉइंटरमध्ये ०५०५०५०५ अशी रांग दिसली तर नवं पेज शून्याने भरायचं राहिलंय. ०१०१०१०१ दिसलं तर मोकळं केलेलं पेज अजून कुणीतरी वापरतंय.

पायरी ९: टीएलबी

प्रत्येक वेळी तीन टेबलं चाळणं महाग, म्हणून प्रोसेसर अलीकडची भाषांतरं टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात ठेवतो. टेबल बदललं तरी हा साठा आपोआप पुसला जात नाही. तो पुसायची सूचना ‘एसफेन्स व्हीएमए’.

यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. कर्नलच्या टेबलातून एक पेज मी काढलं होतं आणि त्या पत्त्यावर वाचून फॉल्ट येतो का ते पाहत होतो. फॉल्ट येईना. नोंद छापली तर शून्य, तरी वाचलेला आकडा बरोबर. मी ‘वॉक’वर शंका घेतली, मॅक्रोंवर घेतली, कंपायलरवर घेतली. शेवटी लक्षात आलं की ते पेज मी थोडं आधीच एकदा वाचलं होतं आणि त्याचं भाषांतर साठ्यात तसंच पडून होतं. एक सूचना घातली आणि फॉल्ट आला. प्रोसेसच्या टेबलांत ही चूक सहसा दिसत नाही, कारण युजर मोडकडे परतताना ट्रॅम्पोलिन ती सूचना चालवतोच. कर्नलच्या टेबलाला हात लावलात तर मात्र ती तुम्हालाच चालवावी लागेल.

पायरी १०: पहिला खरा बदल

‘फोर्क’, म्हणजे प्रोसेसची प्रत काढणारा सिस्टीम कॉल, सध्या आईची सगळी मेमरी मुलासाठी कॉपी करतं, आणि पुष्कळदा मूल लगेच ‘एक्झेक’ करून ती टाकून देतं. हे टाळा. कॉपी न करता दोघांच्या टेबलांत तेच फिजिकल पेज मांडा, लिहिता येणाऱ्या पेजवरून दोघांकडचा डब्ल्यू काढा, आणि त्या दोन मोकळ्या बिटांपैकी एक लावून ठेवा की हे पेज मुळात लिहिण्याजोगं होतं. कारण १५ आलं आणि ती खूण दिसली, की तेव्हा एका पेजची कॉपी करा आणि डब्ल्यू परत द्या. प्रत्येक फिजिकल पेज किती टेबलांत आहे याचा आकडा ठेवा. तो शून्य झाल्याशिवाय पेज मोकळं करू नका.

एवढं करून शेल चालेल, पण काही चाचण्या विचित्र तऱ्हेने नापास होतील: जुन्या आवृत्तीत मुलाने पाइपमधून वाचलं की आईचा डेटा बदललेला, ताज्या आवृत्तीत ते वाचणंच फसतं. तेव्हा ‘कॉपीआउट’कडे पाहा. तिथे कर्नल प्रोसेसच्या पत्त्याचं भाषांतर ‘वॉक’ने स्वतः करतं आणि लिहितं मात्र स्वतःच्या नकाशातून, जिथे सगळी रॅम लिहिण्याजोगी आहे. प्रोसेसच्या नोंदीतून डब्ल्यू काढलाय हे त्या वाटेवर हार्डवेअरला दिसतच नाही, त्यामुळे फॉल्ट येत नाही आणि कॉपीही होत नाही. ती खूण तिथे तुम्हाला हाताने तपासावी लागते.